करंदीकर वहिनींची चावीची घड्याळं

मी शब्द देतो तो मुदत ठरवून देतो. माल कधी उचलणार, गाडी कधी रिकामी करणार, सगळं आधी बोलून घ्यायचं आणि मगच मान हलवायची. मस्कतमध्ये उभं आयुष्य मी याच नियमावर काढलं. एकदाच बिनमुदतीचा शब्द दिला तो करंदीकर वहिनींना. "यांना यातलं काही कळता कामा नये," असं त्या म्हणाल्या आणि मी हो म्हणून बसलो. आता वहिनी नाहीत. गेल्या वर्षी पुण्याला करंदीकर साहेबही गेले. म्हणजे शब्दाची मुदत संपली, असं मी धरून चालतो. कुणाला हे पटत नसेल तर त्याने दुकानात येऊन भांडावं. मी अजून रोज बसतो.

मी कासम, हर्णैचा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, मग मस्कतला येऊन दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने पुसले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच वादी कबीर भागात स्वतःचा गाळा घेतला. धंदा जुन्या सामानाचा. नोकरी संपवून गावी परतणाऱ्या कुटुंबांचे फ्रीज, पलंग, पंखे घ्यायचे आणि नव्याने येणाऱ्यांना विकायचे. जाणाऱ्याला घाई असते, येणाऱ्याला गरज असते आणि मधे मी असतो. मला लोक तोंडाळ म्हणायचे. माझ्याशी भाव करून कुणी हसत बाहेर पडलं असेल तर ते मला आठवत नाही.

त्या सामानातून घड्याळं यायची. तो काळ असा होता की सगळ्यांना सेलचं घड्याळ हवं होतं. रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ कपाटाच्या तळाशी पडलेलं असायचं आणि कपाटाबरोबर माझ्याकडे यायचं. मी ती एका पत्र्याच्या डब्यात टाकत असे. कुणी मागितलं तर मूठभर काढून द्यायची.

वहिनी पहिल्यांदा आल्या त्या इस्त्रीचं टेबल बघायला. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी आणि चालणं असं की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे. टेबल राहिलं बाजूला. त्या डब्यापाशी थांबल्या आणि मला विचारलंही नाही, सरळ एकेक घड्याळ उचलून कानाशी नेऊ लागल्या. कानाशी नेलं की डोळे मिटायच्या. शेवटी त्यांनी बायकांची चार-सहा बारकी घड्याळं वेगळी काढली. त्यांचं मशीन चिंचोक्याएवढं असतं. पुरुषांच्या घड्याळांना त्यांनी हात लावला नाही.

"काय द्यायचे?"

मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

"एवढे होणार नाहीत," त्या म्हणाल्या. मी बाह्या सरसावल्या, पण त्या पुढे म्हणाल्या, "या दोघींचं आतलं झुलणारं चाक, बॅलन्स, मोडलंय, त्या फक्त सुट्या भागांच्या. पण ही सोनेरी आहे ना, ती चांगली आहे. हिचे तुम्ही जास्त घ्यायला हवेत."

"तुम्ही घेणाऱ्या की विकणाऱ्या?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने भाव वाढवायचा नसतो, वहिनी."

"मग खोटं सांगू का?"

मला अशा माणसांचा मनापासून राग येतो. त्यांच्याशी भावच करता येत नाही. पकडायला जागाच नसते. मी ती सगळी घड्याळं पुडीत बांधून दिली आणि म्हटलं, घेऊन जा, परत येऊ नका. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या. सोनेरी घड्याळ मनगटावर चालू होतं.

हळूहळू माहिती मिळाली. वहिनींच्या वडिलांचं रविवार पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. मुलीने दुकानात बसायचं नाही, अशी घरची रीत. म्हणून वडील संध्याकाळी काम घरी आणत आणि बायकांची घड्याळं हिच्यापुढे ठेवत, कारण हिची बोटं लहान. लग्न झालं, करंदीकर साहेबांना मस्कतला बांधकाम कंपनीत अकाउंट्सची नोकरी लागली आणि वहिनी कुटुंबाच्या व्हिसावर आल्या. त्या व्हिसावर शिक्का असतो, नोकरी करायला परवानगी नाही. मूलबाळ नव्हतं. वादी कबीरच्या त्या दोन खोल्यांत साहेब कामावर गेले की दिवसभर एसीचा आवाज आणि वहिनी. त्यांनी माहेरून वडिलांचे चिमटे मागवले आणि खिडकीपाशी टेबल लावलं.

मी माझा हिशेब लगेच जुळवला. पुरुषांच्या जुन्या घड्याळांना गोऱ्या इंजिनियरांमध्ये नुकतीच मागणी सुरू झाली होती. तेल कंपन्यांतले हे लोक शुक्रवारी सूकच्या बाजारातून जुनी घड्याळं धुंडाळत फिरायचे. चालू घड्याळ असेल तर डोळे मिटून घेत. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही दुरुस्त करा, मी विकतो, अर्धं अर्धं.

"पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "पैसे घेतले की ते काम झालं. मला इथे काम करायला परवानगी नाही."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

शेवटी ठरलं ते असं. पुरुषांची बंद घड्याळं त्या चालू करून देणार. बदल्यात माझ्याकडे येणारी बायकांची सगळी घड्याळं त्यांची.

"वहिनी, बायकांच्या घड्याळांना बाजार नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं. नंतर भांडण नको.

"म्हणून तर मला परवडतात," त्या म्हणाल्या.

काम करताना त्या साडीचा पदर टाचण्यांनी टेबलाच्या कडेला टाचून घेत. एखादा स्क्रू चिमट्यातून निसटला तर तो मांडीवरच्या झोळीत पडावा, फरशीवर नको. त्यामुळे कामात असताना त्या टेबलाला बांधलेल्या असत. दारावरची बेल वाजली की आतून आवाज यायचा, "दार उघडंच आहे, मला उठता येत नाही." मी सामान घेऊन जाई तेव्हा शेजारची केरळी बाई दारातून डोकावून जाई. मी मोठ्याने बोलायचो म्हणजे तिला सगळं ऐकू जावं. माझं बोलणं मोठंच आहे, तो भाग वेगळा.

त्यांचे हट्ट होते. जुन्या डायलवरचा पिवळेपणा काढायचा नाही, नवा रंग द्यायचा नाही, बाहेरची धातूची केस घासायची नाही. एकदा एक चांगलं घड्याळ त्यांनी चालू करून दिलं. पण केसवर ओरखडेच ओरखडे होते. आमच्या गल्लीत गाड्यांचे बंपर चमकवणारा एक पठाण होता, त्याच्याकडून मी ते घासून घेतलं आणि मोठ्या हौसेने वहिनींना दाखवायला नेलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं.

"कुणाचं होतं हे?"

"कुणाचं का असेना. आता बघा, चकाचक."

"हो," त्या म्हणाल्या. "आता कुणाचंच नाही."

आणि माझ्या हातात परत दिलं. मी जिना उतरताना मोठ्याने बडबडत उतरलो. ते घड्याळ दुसऱ्याच दिवशी खपलं. त्या बाबतीत माझंच बरोबर होतं, हे मी आजही सांगेन.

करंदीकर साहेबांविषयी इथे सांगायला हवं. उंच, काटकुळे, खिशाला दोन पेनं. मला ते कासमशेठ म्हणत. माणूस इतका सरळ की माझ्यासारख्याला त्याच्यासमोर काय बोलावं सुचत नसे. "कासमशेठ, आमची ही घड्याळाच्या पोटात हात घालते," ते म्हणायचे, "मला तर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायची भीती वाटते." बायकोच्या कामातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण ती टेबलाला बांधलेली असली की चहा तेच करायचे आणि कप तिच्या डाव्या हाताशी ठेवायचे, कारण उजव्या हातात चिमटा असे.

मस्कतपासून दोन तासांवर इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. मला कुणीतरी सांगितलं की तिथे म्हाताऱ्या ओमानी बायकांकडे जुनी घड्याळं असतात. माझ्या जिवाची तगमग झाली. ओमानमध्ये मला बंद असलेला तो एकच बाजार होता. मी वहिनींना गळ घातली. साहेबांनी रजा काढली आणि माझ्या पिकअपमध्ये आम्ही तिघं दाटीने बसून निघालो. पूर्ण रस्ताभर मी वहिनींना शिकवत होतो. वस्तू उचलताना तोंड वाकडं करायचं. पहिला भाव ऐकून हसायचं. दोनदा उठून चालायला लागायचं.

"आणि तिसऱ्यांदा?" वहिनींनी विचारलं.

"तिसऱ्यांदा ती हाक मारते."

"आणि नाही मारली तर?"

"मारते. मारल्याशिवाय कुठे जाते."

साहेब आणि मी बाहेर उन्हात. गाडीचा एसी चालू ठेवला तर इंजिन तापायला लागलं. साहेब वर्तमानपत्राने वारा घेत होते. मी येरझारा घालत होतो. बाजार उठायची वेळ झाली तेव्हा वहिनी बाहेर आल्या. हाताला लोबानाचा वास, पिशवीत खजूर.

"घड्याळं?"

एका म्हातारीकडे एक होतं, त्या सांगू लागल्या. नवऱ्याने दिलेलं, तो वारला तेव्हापासून बंद. विकायला नव्हतंच, नुसतं सोबत आणलं होतं. वहिनींना अरबी येत नव्हती, म्हातारीला दुसरं काही येत नव्हतं. वहिनींनी पर्समधून चिमटा काढला, तिथेच सुरमा आणि कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून मागचं झाकण उघडलं, अडकलेला धागा काढला. घड्याळ चालू झालं. म्हातारीने ते कानाशी धरलं आणि वहिनींचा हात धरून ठेवला. सोडेचना. मग खजूर.

"म्हणजे काहीच आणलं नाही?"

"खजूर आणले की."

"वहिनी, पेट्रोल माझं जळलंय."

"मग खजूर तुम्ही घ्या."

साहेब खिडकीकडे तोंड करून हसत होते. परतीच्या वाटेवर बिदबिद गाव येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. खजूर चांगले होते.

वर्षं गेली. वहिनींचा साठा वाढत गेला. निळ्या मखमलीच्या ट्रेमध्ये त्या बारक्या घड्याळांना ओळीने निजवून ठेवत. पट्ट्याच्या, साखळीच्या, बांगडीसारख्या. कुणाची काच तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, कुणाच्या डायलवर आकडेच नाहीत. साहेब कामावर जायच्या आधी, सकाळचा चहा झाला की, वहिनी एकेकीला चावी देत. साहेब त्याला आमच्या घरची पूजा म्हणत. गंमत अशी की घरात एवढी घड्याळं चालू असून खरी वेळ कुणालाच ठाऊक नसायची. एक दोन मिनिटं पुढे, दुसरी पाच मिनिटं मागे. वहिनी त्यांना एका वेळेवर आणायच्या भानगडीत पडत नसत. "जिची तिची चाल असते," म्हणायच्या. वेळ हवी असेल तर त्या खिडकीतून खाली बघत. शाळेच्या बस सुटल्या म्हणजे दुपार झाली.

मग त्यांचा हात गेला.

पहिल्यांदा मला कळलं ते बशीच्या आवाजावरून. मी समोर बसलो होतो आणि त्यांच्या हातातला कप बशीवर वाजत होता. त्यांनी माझी नजर बघितली.

"उजवा हात ऐकेनासा झालाय, कासमभाई. परवा केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग उडाली. पदरातही सापडली नाही."

डॉक्टरांनी कंपवात सांगितलं. गोळ्या दिल्या. मी ओळखीच्या लोकांना विचारून मुंबईच्या डॉक्टरांची नावं आणली, साहेब रजेत त्यांना घेऊनही गेले. दुरुस्ती बंद झाली. एके दिवशी त्यांनी चिमटे तेलाच्या फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवले. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दुरुस्ती नाही तर नाही. चावी तर देता येईल. चालू राहिली म्हणजे झालं."

त्यांची सगळी आशा त्या एका गोष्टीवर येऊन थांबली होती. ट्रेमधल्या सगळ्याजणी चालत राहाव्यात. चावीचं घड्याळ बंद ठेवलं की आतलं तेल सुकतं, ते आखडतं, आणि आता आखडलं तर उघडायला हात नव्हता. पण बायकांच्या घड्याळाची चावी ज्वारीच्या दाण्याएवढी. ती अंगठा आणि नखात धरून फिरवायची. वर्षभरात तेही जमेना. साहेबांनी एकदा प्रयत्न केला आणि पहिल्याच घड्याळाची चावी मोडून हातात आली. ते इतके घाबरले की दिवसभर जेवले नाहीत. पुन्हा त्यांनी ट्रेला हात लावला नाही.

मग मी जाऊ लागलो. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, साहेब घरी असतानाच. माझी बोटं गॅरेजमध्ये घडलेली. पहिल्या दिवशी घाम फुटला. वहिनी समोर हात पदरात गुंडाळून बसत आणि सांगत.

"हळू. तिला ओढू नका, ती येईल. आता घट्ट लागतंय ना? सोडा."

"अजून फिरतंय."

"फिरेल. पण सोडा. तुम्ही भाव करताना समोरच्याला शेवटपर्यंत ताणता. इथे एक आटा आधी सोडायचं."

"धंद्यात असं केलं तर मी उपाशी मरेन."

"हा धंदा नाही."

मी शिकलो. कुठली दोन बोटांत धरायची, कुठली टेबलावर ठेवून, कुठली थंडीत कुरकुरते. ट्रेमध्ये एक लालसर डायलची होती, ती माझ्या हातून सुरूच व्हायची नाही, वहिनींनी नुसतं जवळ घेऊन किंचित हलवलं की चालू. हात कापत असे, त्यानेच ती हलत असे. यावर आम्ही दोघं हसलो होतो. साहेब आतून विचारत, "काय झालं?" आणि आम्हाला सांगता येत नसे. दुकानात माझ्या पोऱ्यांनी बोलायला सुरुवात केली की शेठ हल्ली सकाळी ओरडत नाहीत. मी त्यांच्यावर ओरडलो.

त्या उन्हाळ्यात आई आजारी म्हणून मला हर्णैला जावं लागलं. वहिनींना म्हटलं, थोडे दिवस बंद राहू देत, आलो की बघतो. त्या म्हणाल्या, "आईजवळ बसा. या कुठे जात नाहीत." आई गेली. चाळीसावा करून मी परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कोकम आणि फणसपोळी घेऊन वर गेलो.

दार साहेबांनी उघडलं. चेहरा असा की लहान मुलाने परीक्षेचा निकाल मागे लपवून धरावा. आईचं विचारलं, माझे दोन्ही हात धरले, मग म्हणाले, "आधी बसा. एक दाखवायचंय."

ट्रे टेबलावर होता. सगळी घड्याळं चालू होती. आणि सगळ्यांची वेळ एक होती, मिनिटाला मिनिट. एकही पुढे नाही, एकही मागे नाही.

"रुवीच्या बाजारातल्या घड्याळवाल्याकडून करून घेतलं," साहेब सांगत होते. "सगळ्यांना सेल बसवले. तो म्हणत होता होणार नाही, फार लहान आहेत, मी म्हटलं काहीही कर. जुनी मशीनं काढून नवी बसवली. कंपनीतून लवकर निघून रोज त्याच्याकडे जाऊन बसत होतो. हिला सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता ना. आता हिला हात लावायला नको, चावी नको, काही नको. आणि तुमचीही रोजची फेरी वाचली, कासमशेठ. तुम्हाला किती त्रास देणार."

मी लालसर डायलची उचलली. काटे वेगळे होते. जुने काटे नव्या मशीनला बसत नाहीत. मला या धंद्यातलं जे काही कळतं ते वहिनींनी शिकवलेलं, आणि तेवढं कळायला पुरेसं होतं. मी तोंड उघडलं. वहिनी समोर खुर्चीत बसल्या होत्या, हात पदरात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू मान हलवली. नाही.

"कासमभाई," त्या म्हणाल्या, "चहा घेणार ना? हे करतील."

मी चहा प्यालो. कसा प्यालो ते मला माहीत. तिथून निघालो तो थेट रुवीला. दुकान सापडायला वेळ लागला नाही. काउंटरवर एक तरुण कारागीर होता.

"करंदीकर साहेबांची लेडीज घड्याळं तू केलीस?"

"हां सेठ. बहुत मुश्किल काम था. साहब रोज आके बैठता था."

"जुनी मशीनं कुठे आहेत?"

"वो तो सब पुराना था."

मी काउंटरवर हात आपटला. काच तडकली. ती काच मी नंतर बसवून दिली, पण त्या क्षणी अख्खं दुकान फोडलं असतं. कारागिराने घाबरून खालून चॉकलेटची प्लास्टिकची बरणी काढली. त्यात सगळ्यांची मशीनं एकत्र, खडखडत. डायलचं विचारलं तर म्हणाला, डायलच्या मागचे पाय कापावे लागले, नवीन मशीनमध्ये बसत नव्हते. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं आणि सफाईने केलं. मला तेव्हा कुणाचं तरी चुकलेलं हवं होतं आणि कुणीच सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर गेल्यावर मी बरणी घेऊन गेलो. शेजारची बाई दारात होती, तिला सांगितलं, या, बसा पाहिजे तर. ती बिचारी खरंच येऊन सोफ्यावर बसली.

मी पांढऱ्या फडक्यावर बरणी उपडी केली. वहिनी खाली वाकल्या. हात लावला नाही. नुसत्या नजरेने एकेक वेगळं करत गेल्या. "ही सोनेरीची. ही तुम्ही सोहारहून आणली होती तिची. ही त्या लाल बाईची, बघा, अजून हलतेय." खरंच त्या मशीनचा बॅलन्स बरणी हलली तेवढ्याने झुलत होता. झुलला आणि थांबला.

"मी मुंबईहून माणूस आणतो," मी म्हटलं. "खर्च माझा. डायल चिकटवता येतील, काटे शोधू. सगळं परत बसवू."

"आणि यांना काय सांगू?"

"खरं सांगा. तुम्हीच ना खोटं न बोलणाऱ्या?"

त्यांनी ट्रेकडे मान वळवली.

"रोज सकाळी हे ट्रे घेऊन माझ्याजवळ बसतात," त्या म्हणाल्या. "एकेक दाखवतात. ही चालतेय, ही पण चालतेय. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्याला यातलं काही येत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, त्यांच्या हातून माझ्यासाठी काहीच होत नव्हतं. हे एक झालं. यांना यातलं काही कळता कामा नये, कासमभाई."

"एकदा तरी ओरडा त्यांच्यावर."

"कशावर? माझ्यासाठी केलं म्हणून?"

"मग मी ओरडतो."

"तुम्ही सगळ्यांवर ओरडता. यांच्यावर नाही."

मी हो म्हटलं. ती बरणी त्यांनी मला परत न्यायला सांगितली. कुणातरी दुरुस्ती करणाऱ्याला द्या, म्हणाल्या, एखादीच्या पोटात बसेल. पुढच्या वेळी मुंबईला गेलो तेव्हा दिली. मशीनं चांगली आहेत, असं तो दुरुस्तीवाला दोनदा म्हणाला. मला माहीत होतं.

माझी तक्रार इथे आहे. राग गिळायचा की नाही हा वहिनींचा प्रश्न. त्यांचा नवरा, त्यांची घड्याळं, त्यांनी गिळला. पण माझा राग त्यांनी कोणत्या हक्काने मागून घेतला? माझ्याकडे आयुष्यात दुसरं होतं काय? मी रागावरच गॅरेजातून गाळ्यापर्यंत आलो. तो एकदा, योग्य जागी, योग्य माणसावर काढायची वेळ आली होती, आणि मला म्हणे गप्प बसा. आणि ती रोजची फेरी वाचल्याचं तर मला कुणी विचारलंही नाही. मला वाचवायची होती का ती?

त्यानंतर सकाळी जायला कारण उरलं नाही. सणावाराला जात असे. ट्रे भिंतीवरच्या फळीवर गेला होता. साहेब तो उतरवून मला दाखवत आणि मी म्हणत असे, छान, एकदम छान. वहिनी ऐकत असत. पुढे बोलणंही त्यांना जड जाऊ लागलं आणि साहेबांनी नोकरी सोडून पुण्याला जायचं ठरवलं. त्यांच्या घरचं सामान मीच घेतलं. त्या एका सौद्यात मी भाव केला नाही, साहेब म्हणतील ते कबूल. साहेबांनी इतका कमी सांगितला की मला वाढवून द्यावा लागला.

पुण्याला वहिनींनी दोन पावसाळे काढले आणि गेल्या. साहेब त्यानंतर दर ईदला न चुकता फोन करायचे. "कासमशेठ, ईद मुबारक. परवाच सगळ्यांचे सेल बदलून आणले. एकही बंद पडू दिलेली नाही." मी म्हणायचो, "बरं केलंत, साहेब." फोन ठेवल्यावर दुकानातला पोरगा समोर दिसेल त्याच्यावर ओरडायचो.

वहिनींना शेवटचं बघितलं ते मस्कतच्या सीब विमानतळावर, त्या दोघांना निरोप देताना. सामान पोचवायला मी पिकअप घेऊन गेलो होतो. वहिनी चाकाच्या खुर्चीत. मनगटावर लालसर डायलची होती, साहेबांनी घातलेली. पासपोर्ट दाखवून झाले, आता आत जायचं. तेवढ्यात साहेबांना आठवलं.

"अगं थांब, तुझं घड्याळ भारताच्या वेळेवर करू. दीड तास पुढे."

ते गुडघ्यावर बसले. चष्मा कपाळावर चढवला, तिचा कापणारा हात स्वतःच्या मांडीवर टेकवून धरला आणि नखाने ती बारीक चावी बाहेर ओढू लागले. ती येईना. त्यांनी वाकडी ओढली, मग दुसऱ्या बाजूने, मग जोरात. आली. काटे पुढे फिरवायचे तर त्यांनी उलटे फिरवायला सुरुवात केली, अख्खं वर्तुळ मागे, हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून. मागचे लोक बाजूने पुढे जात होते. मी दोन पावलं पुढे आलो होतो.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या साहेबांच्या पांढऱ्या झालेल्या डोक्याकडे बघत होत्या. हात जमेल तितका स्थिर धरून ठेवला होता आणि ते फिरवतील तसं फिरवू देत होत्या.

"झालं बघ," साहेब म्हणाले. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या.